डॉ. कोटणीसांनी भारतात ॲक्युपंक्चर आणलं? सोलापूरच्या सर्जनची खरी गोष्ट

जुलै महिन्यात कर्जत-खालापूरच्या बाजूला गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकच दृश्य दिसतं. खाचरात चिखल, हातात भाताच्या रोपांची जुडी आणि कमरेत वाकलेली माणसं. त्यात बाया जास्त. भाताचं संशोधन केंद्र कर्जतमध्येच आहे, नवनवीन वाण तिथून निघतात, पण लावणी अजून बऱ्याच ठिकाणी हातानेच होते. दिवसभर वाकून झालं की संध्याकाळी हात आपोआप मागे जातो. कमरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. अंगठे तिथे रुतवायचे आणि थोडं मागे वाकायचं. हे कुणी शिकवावं लागत नाही.

चिनी वैद्यकात नेमक्या याच जागेला नाव आहे, शेनशू. शेन म्हणजे मूत्रपिंड आणि शू म्हणजे पाठीवरचा तो बिंदू, जिथून त्या अवयवापर्यंत पोहोचता येतं असं ही पद्धत मानते. कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेपासून दोन्ही बाजूंना साधारण दोन बोटं अंतरावर हा बिंदू येतो. कंबरदुखीसाठी सुया टोचताना ॲक्युपंक्चरवाले ज्या जागा हमखास निवडतात, त्यातली ही एक. आज कर्जत-खालापूरच्या फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या पट्ट्यात मसाज, स्पा, वेलनेस अशा पाट्या जागोजागी दिसतात, त्यामुळे सुयांचा विषयही आता कुणाला परका राहिलेला नाही.

आणि हा विषय निघाला की आपल्याकडे एक मराठी नाव लगेच जोडलं जातं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनला गेलेले, तिथेच वारलेले, व्ही. शांतारामांनी ज्यांच्यावर सिनेमा काढला ते. पंजाबात लुधियानाला तर त्यांच्या नावाचं अख्खं ॲक्युपंक्चर हॉस्पिटल आहे. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज असा की, कोटणीस चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या भारतात आली.

गंमत अशी की, कोटणीस भारतात परत आलेच नाहीत. ते होते सर्जन. त्यांच्या हातात सुई असायची ती जखम शिवायची. मग त्यांचं नाव या पाट्यांवर कसं आलं? त्यासाठी सगळी गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

सोलापूर ते परळ

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं भरपूर. दोन भाऊ आणि पाच बहिणी. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचं शहर होतं आणि राजकीयदृष्ट्या तापलेलंही. १९३० मध्ये, म्हणजे कोटणीस ऐन विशीत असताना, या शहरात ब्रिटिशांनी मार्शल लॉ लावला. पुढच्या वर्षी जानेवारीत सोलापूरच्या चार जणांना येरवड्यात फाशी दिली गेली. ज्या पोराने तरुणपणी हे आपल्या गावात बघितलं, तो पुढे परक्या देशावरच्या हल्ल्याची बातमी वाचून अस्वस्थ झाला, यात नवल वाटायला नको.

डॉक्टर व्हायला ते मुंबईत आले. कॉलेज सेठ जी. एस. मेडिकल, म्हणजे परळचं केईएम. हे कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं तेच एका अटीवर, की शिकवणारे डॉक्टर भारतीय असतील. सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये वरच्या जागा गोऱ्यांना मिळायच्या तो काळ होता, त्यामुळे ही अट छोटी नव्हती.

सोलापूरहून मुंबईला यायचं म्हणजे रेल्वे आणि रेल्वे म्हणजे बोरघाट. पुणे, लोणावळा, खंडाळा आणि घाट उतरला की पायथ्याला कर्जत. परत जाताना उलटं. कर्जतला गाडी थांबायची, मागून ढकलायला जादा इंजिन लागायचं आणि मग गाडी घाट चढायची. कोटणीसांच्या कॉलेजच्या काळात हा मार्ग नुकताच विजेवर आला होता आणि घाटात जी लांबुडकी इलेक्ट्रिक इंजिनं धावायची, त्यांना रेल्वेवाले खेकडा म्हणायचे. कोटणीसांच्या आयुष्यात कर्जत आलं ते असं, सुट्टीला घरी जाताना लागणारं स्टेशन म्हणून.

डॉक्टरकीची पदवी मिळाली. पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू झाली. सर्जरीत नाव काढायचं, मग स्थिरस्थावर व्हायचं. सोलापूरच्या घरातल्या कुणाचीही याच्यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हती.

चीनमधून आलेलं पत्र

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. वर्षअखेरीपर्यंत शांघाय आणि नानकिंग पडलं. चीनमध्ये तेव्हा दोन सत्ताकेंद्रं होती. एक च्यांग काय-शेकचं सरकार आणि दुसरे माओचे कम्युनिस्ट. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघं जपानविरुद्ध तात्पुरते एकत्र आले होते. कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी १९३७ च्या शेवटी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिलं. मागणं साधं होतं. डॉक्टर पाठवा, औषधं पाठवा.

१९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं. लोकांनी पैसे दिले आणि साधारण २२ हजार रुपये जमले. स्वतः गुलाम असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या लढाईसाठी वर्गणी काढली, हे आज वाचताना जरा थांबायला होतं.

पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आलेले, त्यामुळे युद्धाचा अनुभव असलेले तेच. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, वयाने सगळ्यात मोठे. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉय कुमार बसू. आणि सोलापूरचे कोटणीस. पाचात दोन मराठी माणसं होती, पण चोळकरांचं नाव आज नागपुरातसुद्धा किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

यातलं बसू हे नाव लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

कोटणीसांनी घरी सांगितलं तेव्हा घरच्यांना चीनबद्दल काय माहीत होतं? त्यांच्या बहिणीने पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, चीन म्हणजे दारावर रेशमी कापड विकायला येणारे फेरीवाले, एवढंच. मुलगा तिथे युद्धात जाणार हे ऐकून त्या घरात काय झालं असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. तरी घराने अडवलं नाही.

१ सप्टेंबर १९३८. मुंबई बंदरातून राजपुताना नावाच्या बोटीने पथक निघालं. सोबत एक अॅम्ब्युलन्स आणि औषधांच्या पेट्या. कोटणीस २८ व्या वर्षात होते.

एकेक जण परतत गेला

बोट लागली आणि सप्टेंबरच्या मध्याला पथक कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोहोचलं. स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग होत्या. तिथून वुहान. पण पथक कामाला लागतं न लागतं तोच जपानी फौजा वुहानच्या तोंडाशी आल्या आणि सगळ्यांना आणखी आत, चुंगकिंगला हलावं लागलं.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली नावाची. पाचही डॉक्टरांना चिनी नावं देण्यात आली आणि प्रत्येकाच्या नावाला शेवटी हुआ जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ. आजही चीनमध्ये त्यांना ओळखतात ते याच नावाने. कोटणीस म्हटलं तर तिकडे फारसं कुणाला कळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सोलापूरहून आलेली बातमी. वडील गेले होते. मागे आई, भावंडं आणि घराची जबाबदारी. सहकाऱ्यांनी सुचवलं की परत जा, कुणी काही म्हणणार नाही. कोटणीस गेले नाहीत. पथकासोबत पुढे निघाले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले, माओच्या मुक्कामाच्या ठिकाणी. शहर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, राहायच्या खोल्या, सगळं पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये. परळच्या वॉर्डातून आलेल्या डॉक्टरला आता गुहेत ऑपरेशन करायचं होतं.

पथक मुळात वर्षभराच्या बेताने गेलं होतं. १९३९ मध्ये चोळकर परतले. मुखर्जी आजारपणामुळे परतले. १९४० मध्ये अटलही प्रकृती बिघडल्याने भारतात आले. उरले दोघं, कोटणीस आणि बसू. मग बसूंना येनानला बोलावणं आलं आणि ते तिकडे गेले. जपानी फौजांच्या पिछाडीला, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, भारतीय पथकातले कोटणीस एकटे राहिले.

तो काळ, ज्यासाठी चीन त्यांना विसरला नाही

या भागात कोटणीसांच्या आधी एक कॅनेडियन सर्जन काम करून गेले होते, डॉ. नॉर्मन बेथ्यून. जखमी सैनिकाला मागे दवाखान्यात आणत बसायचं नाही, सर्जननेच आघाडीवर जायचं, हा त्यांचा हट्ट. ऑपरेशन करताना त्यांचं बोट कापलं, जखम चिघळली, विष रक्तात पसरलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. पेनिसिलिन अजून दवाखान्यांपर्यंत पोहोचलं नव्हतं. हातमोज्यांसारख्या साध्या वस्तूंचीही ओढाताण होती.

बेथ्यूनची रिकामी जागा कोटणीसांनी भरली. ऑगस्ट १९४० मध्ये कम्युनिस्ट फौजांनी जपान्यांच्या रेल्वे आणि चौक्यांवर एकाच वेळी हल्ले सुरू केले. इतिहासात ही शंभर रेजिमेंटची मोहीम म्हणून ओळखली जाते. जखमींचा लोंढा सुरू झाला. या मोहिमेत कोटणीसांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले. एका टप्प्यावर सलग ७२ तास झोप न घेता ते ऑपरेशनच्या टेबलाशी उभे होते.

कमरेचा विषय निघालाच आहे तर हेही डोळ्यांसमोर आणा. गावातल्या घरात दारं-फळ्या जोडून केलेलं टेबल, त्याची उंची कशीही, वर अपुरा उजेड आणि तीन दिवस त्याच्यावर वाकलेला माणूस.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाव मोठं, पण हे रुग्णालय म्हणजे इमारत नव्हती. होपेई प्रांतातल्या तांग जिल्ह्यात, गेगोंग नावाच्या गावात आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये जखमींना घराघरांत ठेवलेलं असायचं. जपानी तुकडी येतेय अशी बातमी आली की पेशंट, उपकरणं, औषधं सगळं उचलून डोंगरात जायचं. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. तिथे कोटणीस शिकवायचे आणि तेही चिनी भाषेत, दुभाष्याशिवाय. अवघ्या दोन-तीन वर्षांत त्यांनी बोलणं, वाचणं, लिहिणं जमवलं होतं. विद्यार्थ्यांसाठी सर्जरीचं पुस्तक त्यांनी तयार केलं आणि दुसरं लिहायला घेतलं.

गावकऱ्यांनी त्यांना एक नाव ठेवलं होतं, काळी आई. रंग सावळा म्हणून काळी आणि रात्री उठून पेशंटची विचारपूस करतात म्हणून आई. कागदोपत्री मिळालेल्या के दीहुआ या भारदस्त नावापेक्षा हे नाव बरंच काही सांगून जातं.

सिनेमात नसलेला आजार

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीसांची ओळख गुओ छिंगलान या नर्सशी झाली. ती त्याच वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायची, इंग्रजी बोलायची. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नाव ठेवलं इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. हे नाव त्या भागाचे सेनापती न्ये रुंगचेन यांनी सुचवलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले होते.

पण तोवर त्यांना फिट यायला लागल्या होत्या. अपस्मार. आपल्याकडे ज्याला फेफरं म्हणतात, मिरगी म्हणतात आणि घरातल्या घरात लपवतात, तोच आजार. आज नियमित गोळ्या घेऊन बहुतेक लोक नीट आयुष्य जगतात. १९४२ मध्ये, नाकेबंदी झालेल्या डोंगरात, उपचाराची सोय नव्हती. बाहेर जाऊन उपचार घ्या, असं त्यांना सांगितलं गेलं. ते हलले नाहीत. काम, शिकवणं, पुस्तकाचं लिखाण चालूच राहिलं.

हा त्याग होता की हट्ट? लोक आजही याला त्यागच म्हणतात. पण एक सर्जन स्वतःच्या फिट्सकडे दुर्लक्ष करतोय आणि घरात तान्हं मूल आहे, ही बाजूही खरीच आहे. एवढ्या कामाच्या माणसाला जबरदस्तीने विश्रांतीला पाठवायला हवं होतं, असं वाटून जातं.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री एकामागून एक फिट येत गेल्या. ९ डिसेंबरच्या पहाटे कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

माओने त्यांच्यासाठी श्रद्धांजली लिहिली. पुढे त्यांचे अवशेष शिजियाचुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात नेण्यात आले. तिथे एका बाजूला बेथ्यून आहेत, एका बाजूला कोटणीस.

भारतात ही बातमी पोहोचली, ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पडद्यावर आला. कोटणीसांच्या भूमिकेत स्वतः शांताराम आणि पत्नीच्या भूमिकेत जयश्री. सिनेमा गाजला, कोटणीस घराघरांत पोहोचले. पण सिनेमातले कोटणीस प्लेगवर उपाय शोधतात आणि त्याच प्लेगने जातात. फिट्सनी मरणारा नायक पडद्याला बहुधा चालला नसता. आणि एकदा सिनेमाने माणसाची गोष्ट बदलली की मग त्यात आणखी काहीही चिकटतं. ॲक्युपंक्चरसुद्धा.

मग सुया आल्या कुठून?

कोटणीस चीनमध्ये होते तेव्हा ॲक्युपंक्चरची अवस्था काय होती? फार बरी नव्हती. १९२९ मध्ये तर तिथल्या सरकारपुढे जुनं चिनी वैद्यक बंदच करावं असा प्रस्ताव आला होता. वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून तो बारगळला. शिकलेल्या चिनी डॉक्टरांना सुया म्हणजे खेडवळ उपचार वाटायचे. आपल्याकडे शहरातला डॉक्टर झाडपाल्याकडे बघतो, साधारण तसं.

हे बदललं ते गरजेपोटी. नाकेबंदीमुळे औषधं येईनात. डॉक्टर मोजके, सैनिक आणि शेतकरी लाखोंनी. सुईला मात्र बाहेरून काही मागवावं लागत नाही, उकळून पुन्हा वापरता येते. १९४४ मध्ये माओने नव्या आणि जुन्या वैद्यांनी एकत्र काम करावं अशी भूमिका मांडली आणि एप्रिल १९४५ मध्ये येनानच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा विभाग उघडला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या चू लियान या डॉक्टरबाईंनी पुढे हा विषय नव्याने मांडला आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

आता तारखा बघा. कोटणीस गेले डिसेंबर १९४२ मध्ये. शांतता रुग्णालयात सुया आल्या एप्रिल १९४५ मध्ये. मधे सव्वादोन वर्षं.

आता येऊया बसूंकडे. डॉ. बिजॉय कुमार बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पाचातले सगळ्यात शेवटी परतलेले तेच. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतातल्या आधुनिक ॲक्युपंक्चरची सुरुवात इथून मानली जाते. तीन वर्षांत, १९६२ मध्ये, भारत-चीन युद्ध झालं. चीनहून आलेल्या कुठल्याही गोष्टीचं नाव काढणं अवघड झालं.

पण एक चिनी नाव असं होतं, ज्याच्यावर भारतात कुणी बोट ठेवू शकत नव्हतं, कारण ते चिनी नव्हतंच. ते होतं सोलापूरचं. बसूंनी आपल्या मित्राच्या नावाने काम चालवलं. कोटणीस स्मृती समितीच्या माध्यमातून १९७० च्या दशकात दवाखाने निघाले, डॉक्टर शिकून तयार झाले. लुधियानाचं हॉस्पिटलही १९७५ चं. त्याच सुमारास जगभर ॲक्युपंक्चरची लाट आली होती. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नंतरच्या त्रासावर त्यांना सुया टोचल्या गेल्या आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. अमेरिकेत त्यानंतर या विषयाची उत्सुकता एकदम वाढली.

म्हणजे विद्या आणली बसूंनी, पाटीवर नाव आलं कोटणीसांचं. यात फसवणूक वगैरे काही नाही. बसूंनीच ते नाव पुढे ठेवलं. एका बंगाली डॉक्टरने आपल्या मराठी सहकाऱ्याची आठवण दवाखान्यांच्या रूपाने जपली. कोटणीसांना श्रेय देताना बसूंचं नाव गाळलं जातं, ते मात्र बरोबर नाही.

आणि कमरेवरचा तो बिंदू?

शेनशू शोधायची पद्धत सोपी आहे. दोन्ही हात कमरेवर ठेवले की जी हाडं लागतात, त्यांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारण चौथ्या कंबर-मणक्यावरून जाते. तिथून दोन मणके वर. अंतर मोजायचं ते पेशंटच्याच बोटांनी, डॉक्टरच्या नाही. उंच माणसाची बोटं मोठी, त्यामुळे त्याचा बिंदूही थोडा लांब. चिनी वैद्यकात मूत्रपिंड म्हणजे फक्त लघवी तयार करणारा अवयव नाही. वाढ, ताकद, हाडं, म्हातारपण असं सगळं ते त्याच्या खात्यात टाकतात आणि कंबर हे त्याचं घर मानतात. आधुनिक शरीरशास्त्रात या खात्याला आधार नाही.

मग फरक पडतो का? जर्मनीत यावर मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ पेशंट, तीन गट. एका गटाला रीतसर ॲक्युपंक्चर. दुसऱ्याला खोटं, म्हणजे बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के लोकांना फरक पडला होता, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के. म्हणजे सुया टोचून घेतलेल्यांना बरं वाटलं, पण सुई नेमक्या बिंदूवर टोचली की भलतीकडे, याने फारसा फरक पडला नाही. याच कारणाने देशोदेशीचे तज्ज्ञही एकमताचे नाहीत. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने त्याला पर्यायांच्या यादीत ठेवलं.

भारतात केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे सुया टोचून घ्यायच्याच असतील, तर समोरचा नोंदणीकृत आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रील बघून घरी प्रयोग तर अजिबात नको. शेनशूच्या खाली खरोखरच मूत्रपिंड असतं आणि सुई खोल गेली तर त्याला इजा होऊ शकते. अंगठ्याने दाबायला हरकत नाही, लावणीवाल्या बाया ते करतातच. पण कंबरदुखीसोबत पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा ताप असेल, तर सुई नाही आणि अंगठाही नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

कोटणीसांचा मुलगा इनहुआ वडिलांच्याच वाटेने मेडिकलला गेला, पण १९६७ मध्ये, वयाची पंचविशी पूर्ण व्हायच्या आत, तो वारला. गुओ छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ च्या सुरुवातीला सोलापुरात भैया चौकातल्या कोटणीसांच्या घराचं स्मारक झालं. त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधल्या दालियन शहरात गुओ छिंगलान गेल्या.